कांद्याचे भाव, किड्यांच्या पिढ्या आणि ६१७४

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये तुम्ही गणितात एम.एस्सी. केले, घरी निफाड तालुक्यात द्राक्ष आणि कांदा आहे, गतिकीय प्रणालींची (एकच नियम पुन्हा पुन्हा लावला की काय घडते, या गणिताची) गोडी लागली आहे आणि आता पीएच.डी.साठी बाजाराचे अर्थशास्त्र, शुद्ध गणित व सैद्धांतिक परिस्थितिकी (सजीवांची संख्या कशी बदलते याचे गणिती शास्त्र) या तिघांना जोडणारा विषय हवा आहे. मार्गदर्शक म्हणतात, तिघांपैकी एक निवडा. असा विषय खरोखर असतो का, की ही केवळ उपमांची करमणूक आहे, असे तुम्ही विचारता.

याच सीमारेषेवर माझी तीसेक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की मार्गदर्शकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. तुमची मुख्य शाखा एकच असावी आणि ती गणित असावी. मात्र उरलेल्या दोन शाखा सोडून देण्याची गरज नाही. एकच समीकरण बाजारात आणि परिस्थितिकीत दोन्हीकडे उभे राहते, तेव्हा कोणते गृहीतक टिकते आणि कोणते कोसळते हे तपासणे, एवढाच या सीमारेषेवरचा धंदा आहे. प्रमेय बाजारातून जंगलात जसेच्या तसे नेता येते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नेता येत नाही.

सुरुवात घराजवळून करू. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म जाहीर केला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. २०२५ घेतले तर ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५, त्यापुढे ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. कुठूनही निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत तुम्ही तिथे पोहोचता आणि तिथेच राहता. हीच कृती दोन अंकी संख्यांवर करून पाहा: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. येथे थांबण्याची जागाच नाही, पाच टप्प्यांचे आवर्तन आहे. तीन अंकांना मात्र ४९५ हा अचल बिंदू मिळतो. नियम तोच राहिला, फक्त अंकांची संख्या बदलली, आणि शेवट कधी स्थिर तर कधी फिरता झाला. (कापरेकरांकडे पदव्युत्तर शिक्षण नव्हते आणि १९७५ मध्ये गणितावर सर्वांसाठी लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहीपर्यंत बाहेरच्या जगाला ते फारसे ठाऊकही नव्हते. पदवीविषयी तुम्ही पत्रात पुढे जी चिंता व्यक्त केली आहे, तिच्यासाठी हे कंसात लिहिले.)

आता त्याच दृष्टीने लासलगावच्या कांदा बाजाराकडे पाहा. यंदाच्या भावावर शेतकरी पुढची लागवड ठरवतो, त्या लागवडीवर पुढची आवक ठरते आणि आवकेवर पुढचा भाव ठरतो. हीसुद्धा पुनरावृत्तीच आहे. १९३० मध्ये शुल्ट्झ, टिन्बर्खेन आणि रिची या तीन अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ही मांडणी केली, १९३४ मध्ये काल्डोर यांनी तिला कोळ्याच्या जाळ्याचे (कॉबवेब) नाव दिले आणि १९३८ मध्ये इझिकिएल यांनी तिचा सविस्तर ऊहापोह केला. समतोल भाव क्विंटलला १८०० रुपये आहे असे समजा. शेतकऱ्यांचा प्रतिसाद आणि ग्राहकांची मागणी मिळून दर वेळी भावाचे विचलन उणे ०.८ ने गुणले जात असेल, तर २८०० नंतर १०००, मग २४४०, मग १२८८ असे भाव हळूहळू १८०० कडे येतात. तोच गुणक उणे १.२ केला तर २८०० नंतर ६००, मग ३२४०, मग ७२, मग सुमारे ३८७४, आणि त्यापुढच्या पायरीला भाव शून्याच्या खाली. भाव पडले की ट्रॉली रस्त्यावर ओतून शेतकरी निघून गेल्याचे आपण पाहिले आहे, पण कांदा नेण्यासाठी व्यापाऱ्यालाच पैसे द्यावे लागले असे काही कोणी पाहिलेले नाही. सरळ रेषेचे गणित येथे आपोआप मोडते आणि वक्र रेषेची गरज निर्माण होते.

त्याआधी एक गोष्ट कागदावर स्वतः करून पाहा. शेतकरी केवळ कालच्या भावावर न जाता आपली जुनी अपेक्षा थोडी थोडी सुधारतो असे मानू. शेतीमालाच्या पुरवठ्याच्या अभ्यासात १९५८ च्या सुमारास नर्लोव्ह यांनी ही कल्पना रुळवली. गुणकाची किंमत १.२ आणि सुधारणेचे प्रमाण λ (लॅम्डा) असेल, तर अपेक्षेतील विचलन दर वेळी १ − २.२λ या संख्येने गुणले जाते. λ = १ असता जुनेच उणे १.२ परत येते, पण λ = ०.५ असता गुणक उणे ०.१ होतो, म्हणजे हजार रुपयांची चूक दोन पायऱ्यांत दहा रुपयांवर येते. सीमा सुमारे ०.९१ वर आहे. ज्या बाजाराला आपण मुळातच अस्थिर म्हणतो, तो शेतकरी थोडा सावध झाला एवढ्यानेच स्थिर होऊ शकतो. मात्र पुरवठ्याची रेषा वाकडी असेल तर हीच सावधगिरी केऑसही (नियम ठरलेला असूनही पुढचे सांगता न येणारी अनियमित गती) निर्माण करू शकते, हे होम्स यांनी १९९४ मध्ये दाखवले. 'अपेक्षा बाजाराला स्थिर करतात का?' या प्रश्नाला म्हणूनच होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर नसते. आलेखाचा आकार पाहिल्यावाचून बोलू नये.

परिस्थितिकीत हीच गोष्ट पिढ्यांवर लागू होते. यंदाच्या किड्यांवर पुढच्या वर्षीचे किडे ठरतात, पण फार झाले की खाणे कमी पडते. माशांसाठी रिकर यांनी १९५४ मध्ये असे समीकरण दिले. त्याहून सोपे रूप म्हणजे नवी संख्या = r × x × (१ − x). येथे x म्हणजे कमाल संख्येच्या तुलनेत आजची संख्या आणि r म्हणजे वाढीचा दर. r तीनच्या आत असेल तर संख्या स्थिरावते, ३.२ असेल तर ०.५१३ आणि ०.७९९ यांत आलटून पालटून फिरते, सुमारे ३.५७ च्या पुढे केऑस सुरू होतो आणि ३.८२८ च्या आसपास मध्येच तीन टप्प्यांचे आवर्तन डोके वर काढते. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये 'नेचर'मधील लेखात हे सर्व जीवशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ दोघांपुढे ठेवले. शुद्ध गणितात ली आणि यॉर्क यांनी १९७५ मध्ये तीनच्या आवर्तनातून केऑस निघतो हे सिद्ध केले होते. त्याच्याही अकरा वर्षे आधी, १९६४ मध्ये, शार्कोव्स्की यांनी कोणत्या आवर्तनामागून कोणते येणारच, याचा पूर्ण क्रम लावून ठेवला होता. गणिताच्या बाजूने पाहिल्यास इथपर्यंत कांदा आणि किडा यांत काहीच फरक नाही.

फरक पडतो तो आकडे हाती घेतल्यावर. हॅसल, लॉटन आणि मे यांनी त्याच १९७६ मध्ये २८ कीटकसमूहांचे आकडे तपासले, तेव्हा बहुतेक सगळे स्थिर समतोलाच्या बाजूला पडले. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा आवर्तनात सापडला आणि केऑसच्या प्रदेशात गेली ती प्रयोगशाळेत वाढवलेली माशी. जंगलात केऑस मिळत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका, कारण एका प्रजातीचे समीकरण अनेक प्रजातींच्या गर्दीवर लादले की उत्तर स्थिरतेकडे झुकू शकते, हे त्याच लेखकांना माहीत होते. खात्रीचा पुरावा १९९७ मध्ये आला. कोस्टँटिनो, डेनिस, डेशार्ने आणि कुशिंग यांनी पिठातल्या भुंगेऱ्यांच्या बरण्यांमध्ये प्रौढांच्या मृत्यूचे प्रमाण वरचे ठेवले, नव्याने प्रौढ होणाऱ्यांचे प्रमाण स्वतःच्या हाताने बदलत नेले आणि समीकरणाने आधी सांगितले होते त्याप्रमाणे समतोल, आवर्तन आणि केऑस घडवून दाखवले. बाजारात ही सोय नाही. लासलगाव बरणीत घालता येत नाही.

येथे माझी एक चूक सांगतो, म्हणजे ती तुम्ही करणार नाही. कामाला लागल्यावर सुरुवातीच्या काळात मी कांद्याच्या बारा वर्षांच्या मासिक भावांची मालिका घेतली, त्यावरून लायापुनोव्ह घातांक (सुरुवातीचा छोटा फरक किती वेगाने वाढतो याचे माप; तो धन असणे ही केऑसची खूण) काढला, तो धन आला, आणि मी आनंदाने 'कांद्याच्या बाजारात केऑस' असा लेख लिहून टाकला. एका ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञाने तो वाचून एवढेच विचारले, की निर्यातीवर निर्बंध आले ते महिने कोणते? मी ते पाहिलेही नव्हते. मग मी त्याच मालिकेतले महिन्यामहिन्याचे फरक गंजिफाच्या पानांसारखे पिसून पुन्हा घातांक काढला, तर तोही धनच आला. एकशे चव्वेचाळीस आकड्यांतून यादृच्छिक गोंधळ आणि केऑस वेगळा करण्याइतकी ताकद त्या पद्धतीत नव्हती. लेख अजून कपाटात आहे.

अलीकडच्या काळात तर हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती किमान निर्यात मूल्याच्या अटीसह उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये ते मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. वीस महिन्यांत समीकरणच इतक्या वेळा बदलले असेल, तर त्यातून एकच फलन बसवणारा संशोधक नक्की काय मोजतो आहे? परिस्थितिकीतही वणवे आणि दुष्काळ असतात, पण भुंगेऱ्यांची संख्या वाढली म्हणून दुष्काळ येत नाही. सरकारचा निर्णय मात्र भाव वाढले म्हणूनच येतो. धक्का बाहेरून येत नाही, तो प्रणालीच्या आतच बसलेला असतो, आणि हा फरक प्रतिमानात लिहिलाच पाहिजे.

आकड्यांविषयी आणखी थोडे, कारण गणिताचे विद्यार्थी इथेच फसतात. बाजार समितीच्या फलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. सर्वसाधारण म्हणजे वजनानुसार काढलेली सरासरी नव्हे. बहुतेक मालाला जो भाव लागला तो. किमान भाव बऱ्याचदा गोल्टीचा (बारीक कांद्याचा) किंवा भिजलेल्या मालाचा असतो. लिलाव बंद असतात त्या दिवशी आवक शून्य दिसते, आणि लिलाव उघडल्यावर पहिल्या दिवशीची आवक ही साठून राहिलेल्या ट्रॉल्यांची असते. शिवाय कांद्याचा 'टप्पा' एक वर्षाचा नाही. खरीप, रांगडा (उशिराचा खरीप) आणि उन्हाळ (रब्बी) अशी तीन पिके एकमेकांच्या मागे येतात. दिवाळीच्या आसपास लाल कांद्याचा भाव पाहून डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड होते आणि तो मार्चपासून निघू लागतो. वर्षाला एक बिंदू घेऊन कोळ्याचे जाळे काढणाऱ्याने चाळ, म्हणजे कांदा साठवण्याची हवेशीर जागा, पाहिलेली नसते.

आणि चाळ हाच मला तुमच्यासाठी सर्वांत कसदार विषय वाटतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. त्यात मोड येतात, सड होते, वजन घटते, तरीही शेतकरी तो राखतो. साठवणुकीचे आधुनिक अर्थशास्त्र १९५८ मध्ये गुस्ताफसन यांच्यापासून सुरू होते आणि त्याचा कणा एका साध्या अटीत आहे: साठा शून्याखाली जाऊ शकत नाही. भाव पडले तर माल चाळीत जातो आणि पडझड थोपते, पण चाळ रिकामी झाली की उद्याचा कांदा आज आणता येत नाही. म्हणून भावांचे खड्डे उथळ आणि सुळके उंच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने लाल कांदा हुकला की भाव का भडकतात, याचे गणिती कारण हीच एक असमता आहे. डीटन आणि लारोक यांनी १९९२ मध्ये तेरा शेतमाल व कच्च्या मालांवर हे तपासले. सुळके जुळले, पण एका वर्षाचा भाव दुसऱ्या वर्षाशी जितका घट्ट बांधलेला दिसतो तितका या सिद्धांतातून निघत नाही, अशी अडचण पुढे आली.

हीच गोष्ट वाळवंटातली वर्षायू झाडे करतात. पावसानंतर त्यांचे सगळे बी रुजत नाही, काही जमिनीत निजून राहते. डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये त्याचे गणित मांडले. समजा, रुजलेल्या एका बीपासून चांगल्या वर्षी तीन बिया मिळतात आणि वाईट वर्षी ०.२, आणि दोन्ही प्रकारची वर्षे सारखीच येतात. सगळे बी दर वर्षी रुजले तर सरासरी १.६, म्हणजे फायदा दिसतो, पण दोन वर्षांचा गुणाकार ३ × ०.२ = ०.६ होतो आणि वंश बुडतो. निम्मेच रुजले आणि निम्मे सुरक्षित निजले, तर चांगल्या वर्षी २ आणि वाईट वर्षी ०.६ मिळून गुणाकार १.२ होतो. सरासरी १.६ वरून १.३ वर घसरली आणि तरीही वंश वाढला! बेरजेची सरासरी फसवते, गुणाकाराची खरी असते. निम्मा माल खळ्यावर विकून निम्मा चाळीत टाकणाऱ्या तुमच्या वडिलांना याची सूत्रे शिकवावी लागणार नाहीत. अर्थशास्त्रात हाच लघुगणकी विचार १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली यांनी मांडला होता.

आता गृहीतके तपासा. कोहेन यांच्या बियांना शेजाऱ्यांची गर्दी जाणवत नव्हती. १९८५ मध्ये एलनर यांनी ती आणली, आणि सगळ्यांनी चाळ भरली की भाव सगळ्यांचाच बदलतो, या गोष्टीच्या आपण जवळ पोहोचलो. चाळीतली घट आणि जमिनीतल्या बियांचा मृत्यू हेही जुळते. पण एक गोष्ट जुळत नाही. किती बी निजवायचे हे मागच्या पिढ्यांच्या निवडीने ठरते, तर किती कांदा राखायचा हे पुढच्या भावाच्या अंदाजाने ठरते. म्यूथ यांनी १९६१ मध्ये विवेकी अपेक्षांची कल्पना मांडली तीच मुळी जाळ्याच्या प्रतिमानावर टीका म्हणून: जाळे ठाऊक असलेला शेतकरी जाळ्यात पुन्हा पुन्हा का अडकेल? बियांना हा प्रश्न विचारता येत नाही. तुमच्या प्रबंधाचे एक प्रकरण या एका वाक्यावर उभे राहू शकते.

अधिक अमूर्त दिशा हवी असेल तर तीही आहे. १९६० मध्ये स्कार्फ यांनी तीन वस्तूंच्या बाजाराचे असे उदाहरण दिले, की भाव समतोलाभोवती फिरत राहतात आणि कधीच पोहोचत नाहीत. १९७५ मध्ये मे आणि लिओनार्ड यांनी तीन स्पर्धक प्रजातींचे असेच फिरते उदाहरण दिले. फक्त तेथे प्रत्येक फेरीला आधीपेक्षा जास्त वेळ लागत जातो. दोन्हीकडे याहून मोठी प्रमेये झाली. १९७२ ते १९७४ या काळात सॉनेनशाईन, मँटेल आणि डेब्रू यांनी दाखवले, की प्रत्येक ग्राहक अगदी विवेकी असला तरी सगळ्यांच्या एकत्र मागणीच्या आकारावर जवळजवळ काहीच बंधन येत नाही. १९७६ मध्ये स्टीव्हन स्मेल यांनी दाखवले, की प्रजाती पुरेशा असतील तर स्पर्धेच्या समीकरणांत हवी ती गती बसवता येते. हेच स्मेल तेव्हा बाजाराच्या समतोलाच्या गतीवरही लिहीत होते. दोन्ही प्रमेयांचा रोख एकच आहे: केवळ तत्त्वावरून वर्तन ठरत नाही, आणखी काहीतरी जमिनीवरून आणावे लागते. पेरॉन आणि फ्रोबेनियस यांचे धन मॅट्रिक्सवरचे प्रमेय लिओन्तिफ यांच्या उद्योगांच्या कोष्टकात आणि लेस्ली यांच्या वयोगटांच्या मॅट्रिक्समध्ये सारखेच वापरले जाते, पण तिथे आता नव्या प्रबंधाइतके काम उरले आहे असे मला वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. साठा शून्याखाली जात नाही या अटीमुळे फलनाच्या आलेखाला कोपरा येतो. कोपरा असलेल्या फलनांत मे यांच्या समीकरणासारखे दोन, चार, आठ टप्प्यांच्या आवर्तनांतून दुपटीने जाणे सक्तीचे राहत नाही. समतोल बिंदू कोपऱ्याला टेकला की प्रणाली एकदम तीनच्या आवर्तनात किंवा थेट केऑसमध्ये जाऊ शकते. नुस आणि यॉर्क यांनी १९९२ मध्ये याचा अभ्यास केला. हे शुद्ध गणित आहे, परीक्षकांना ते गणित म्हणूनच दिसेल आणि मार्गदर्शकांनाही हरकत राहणार नाही. अर्थशास्त्राच्या बाजूला पुण्याची गोखले संस्था आणि परिस्थितिकीच्या बाजूला तिथलीच आयसर ही विज्ञानसंस्था जवळ आहे. सहमार्गदर्शक शोधताना प्रबंधाचे नाव न सांगता एक पानाचा नेमका प्रश्न घेऊन जा.

पहिले काम महिनाभरात होईल असे आहे. वर दिलेल्या λ च्या समीकरणात चाळीचा साठा s घाला, s ≥ ० ही अट लिहा, आणि कोपरा कुठे येतो व समतोल त्याला कोणत्या λ ला टेकतो हे हाताने काढा. त्याच महिन्यात 'अ‍ॅगमार्कनेट' या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरून लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतची दहा वर्षांची रोजची आवक व भाव उतरवून घ्या, बंदचे दिवस आणि सरकारी आदेशांच्या तारखा वेगळ्या रंगाने खुणवा, आणि दोन-चार सकाळी लिलावाला उभे राहून ट्रॉलीतला कांदा हातात घेणारा व्यापारी नेमके काय पाहून बोली बोलतो ते टिपून ठेवा. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवता आले, की मला पुन्हा लिहा.